डिस्नेचा हरवलेला ससा

इ. स. १९२८ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या आगगाडीत सव्वीस वर्षांचा एक तरुण आपल्या पत्नीसह परतीचा प्रवास करीत होता. आपल्या कार्टूनपटांना चार पैसे अधिक मिळावेत, एवढीच मागणी घेऊन तो न्यूयॉर्कला गेला होता. प्रत्यक्षात हाती होते तेही घालवून तो परत निघाला होता. ओस्वाल्ड नावाचा एक खोडकर ससा त्याने पडद्यावर आणला होता आणि अमेरिकेतील प्रेक्षकांना तो आवडूही लागला होता. पण चार्ल्स मिंट्झ या मध्यस्थाने वाढ देण्याचे साफ नाकारले. उलट पूर्वीपेक्षा कमी रक्कम पुढे केली. करारनामा उलगडून पाहिला तेव्हा ध्यानात आले, की ससा त्याचा नव्हताच. तो युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचा होता. एवढ्यावर भागले नाही. मिंट्झने या तरुणाचे बहुतेक सहकारी चित्रकारही गुपचूप आपल्याकडे वळवून घेतले होते. वॉल्ट डिस्नेच्या नावाने पुढे जगभर पसरलेल्या उद्योगाचे मूळ शोधायचे, तर ते या आगगाडीच्या डब्यात शोधावे लागते.

याच प्रवासात मिकी माऊस सुचला, अशी एक लोकप्रिय आख्यायिका आहे. ती पसरविण्यात खुद्द डिस्नेचा हात मोठा होता आणि निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या तपशिलांसह ती रंगविण्यात त्याला गंमतही वाटत असावी. उंदीर गाडीत सुचला की घरी पोचल्यावर, याला फारसे महत्त्व नाही. आपण निर्माण केलेल्या वस्तूवर आपली मालकी नसेल तर ती दुसऱ्याच्या शेतात केलेली पेरणी होय, हा धडा या माणसाने त्या दिवसांत घेतला आणि पुढची अडतीस वर्षे तो एक दिवसही विसरला नाही, हे खरे महत्त्वाचे. मात्र त्या धड्याचा अर्धाच भाग त्याने घेतला. उरलेला अर्धा पुढे त्याच्या स्वतःच्या चित्रकारांनी त्याच्या दारात उभे राहून वाचून दाखविला.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. वडील इलायस हे सुतारकाम, शेती, वृत्तपत्रवाटप असे नाना उद्योग करून प्रत्येकात जेमतेम तगलेले, कडक शिस्तीचे गृहस्थ. राजकारणात ते समाजवादी, युजीन डेब्ज यांना मत देणारे. मिसूरी राज्यातील मार्सलीन या लहानशा गावी या कुटुंबाने काही वर्षे शेती केली. तिथला मुख्य रस्ता, गावातून जाणारी आगगाडी आणि गोठ्यातली जनावरे वॉल्टच्या मनात कायमची वस्तीला आली. शेती सोडावी लागल्यावर कुटुंब कॅन्सस सिटीला आले. तेथे इलायस यांनी वृत्तपत्रवाटपाचा एक टापू विकत घेतला आणि धाकट्या वॉल्टला पहाटेच्या अंधारात, प्रसंगी बर्फ तुडवीत, घरोघर अंक टाकायला धाडले. बाहेरच्या मुलांना या कामाचे पैसे मिळत. घरच्या मुलाला मिळत नसत. त्याला खाऊपिऊ घातले जाई, हाच त्याचा मोबदला. सहा वर्षे हे चालले. शाळेच्या बाकावर या मुलाला झोप आवरत नसे, यात नवल नाही.

पहिल्या महायुद्धानंतर रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालविण्यासाठी फ्रान्सला जाऊन आल्यावर वॉल्टने कॅन्सस सिटीत जाहिरातींची चित्रे काढण्याचे काम धरले. तेथेच त्याची अब आयवर्क्सशी गाठ पडली. दोघे समवयस्क, एकाचा हात विलक्षण चपळ, तर दुसऱ्याची कल्पना आणि जीभ. १९२२ मध्ये वॉल्टने स्थापन केलेली पहिली कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. मग त्याने हॉलिवूडची वाट धरली. थोरला भाऊ रॉय तिकडे क्षयावर उपचार घेत रुग्णालयात पडला होता. रॉयने पूर्वी बँकेत कारकुनी केली होती. १६ ऑक्टोबर १९२३ रोजी कार्टूनपटांच्या एका मालिकेचा करार हाती आला आणि दोघा भावांनी मिळून धंदा सुरू केला. वॉल्टच्या चरित्रकारांनी रॉयवर थोडा अन्यायच केला आहे. धाकट्याने स्वप्ने पाहावीत आणि थोरल्याने त्यांची बिले भागवावीत, अशी ही वाटणी जवळजवळ त्रेचाळीस वर्षे टिकली. जमाखर्चाची वही उशाशी घेऊन झोपणारा हा भाऊ नसता, तर वॉल्टची दुसरी कंपनीही पहिलीच्याच वाटेने गेली असती.

ससा गेला तेव्हा आयवर्क्स मात्र वॉल्टजवळ राहिला. करार संपेपर्यंत ओस्वाल्डचे उरलेले पट पुरे करून देणे भाग होते आणि फुटलेले चित्रकार त्याच इमारतीत बसत होते. त्यांच्या नकळत आयवर्क्सने एकहाती नव्या उंदराचा पहिला पट काढला. तो मूकपट होता, त्याला वितरक मिळेना. बोलपट नुकताच अवतरला होता. वॉल्टने तिसऱ्या पटाला आवाज द्यायचे ठरविले. ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला, तेव्हा आपली मोटार विकून त्याने दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे उभे केले. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात ‘स्टीमबोट विली’ झळकला. उंदीर शीळ घालतो आहे, भांडी बडवितो आहे आणि प्रत्येक हालचाल संगीताच्या मात्रेवर पडते आहे, हे प्रेक्षकांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. मिकी एका रात्रीत गाजला. आता मात्र त्याचा मालक एकच होता.

त्या उंदराची रेषा आयवर्क्सची होती. कंपनीत त्याची २० टक्के भागीदारीही होती. १९३० च्या जानेवारीत एका प्रतिस्पर्ध्याने त्याला स्वतंत्र स्टुडिओचे आमिष दाखविले आणि तो निघून गेला. त्याचा वाटा डिस्ने बंधूंनी २,९२० डॉलर देऊन सोडवून घेतला. हिशेबात काही खोट नव्हती. पण ज्याच्या लेखणीतून मिकी उतरला त्याचा मिकीशी असलेला संबंध एका मध्यम पगाराच्या वर्षभराच्या कमाईत मिटला, हेही तितकेच खरे. दहा वर्षांनी आयवर्क्स परत आला, तो नोकर म्हणून.

मालकी हाती आल्यावर तिचा किती तऱ्हांनी उपयोग करता येतो, हे डिस्ने बंधूंना हळूहळू उमगत गेले. शाळकरी मुलांच्या लिहिण्याच्या वह्यांवर मिकीचे चित्र छापू द्यावे, म्हणून एका गृहस्थाने न्यूयॉर्कच्या हॉटेलात वॉल्टला ३०० डॉलर देऊ केले. पैशांची चणचण होती, त्याने ते घेतले. १९३२ मध्ये के केमन हा धोरणी विक्रेता आला आणि या फुटकळ मिळकतीचा रीतसर व्यवसाय झाला. बाहुल्या, कपडे, खेळण्यांतल्या गाड्या आणि १९३३ मध्ये मिकीच्या हातांनी वेळ दाखविणारे मनगटी घड्याळ. अमेरिकेत मंदीचा कहर चालू असताना घड्याळाच्या व खेळण्यांच्या कारखान्यांना या उंदराने हात दिला. चित्रपट नुसता तिकिटावर चालत नाही, त्यातले पात्र दुकानातही चालते, हे सूत्र येथे सिद्ध झाले. १९३२ मध्येच तीन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीचा कार्टूनपटांपुरता मक्ता डिस्नेने काही वर्षांसाठी मिळविला. प्रतिस्पर्धी तोवर अपुऱ्या रंगांवर भागवीत राहिले.

१९३६ ची एक घटना फारशी सांगितली जात नाही. युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीने नव्या करारात दूरचित्रवाणीचे हक्क मागितले. दूरचित्रवाणी तेव्हा प्रयोगशाळेच्या फारशी बाहेर पडली नव्हती. दुसरा कोणी असता तर न जन्मलेल्या पोराचे बारसे कशाला, म्हणून सही करून मोकळा झाला असता. डिस्नेने नकार दिला आणि वितरकच बदलला. सशाची आठवण ताजी असल्याखेरीज असा नकार सुचत नाही.

‘स्नो व्हाइट’ ही पूर्ण लांबीची चित्रकथा करण्याचा त्याने बेत केला तेव्हा हॉलिवूडने त्याला वेड्यात काढले. अडीच लाख डॉलरांचा अंदाज फुगत फुगत सुमारे पंधरा लाखांवर गेला. बँक ऑफ अमेरिकेच्या कर्जावर काम रेटले गेले. २१ डिसेंबर १९३७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि पहिल्याच फेरीत त्याने सुमारे ८० लाख डॉलर मिळविले. त्या पैशातून बरबँक येथे नवा, देखणा स्टुडिओ उभा राहिला. पण युरोपात युद्ध पेटले आणि परदेशी बाजारपेठ बंद झाली. ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ हे १९४० चे दोन्ही महागडे चित्रपट तोट्यात गेले. कंपनीला भांडवलासाठी शेअर विक्रीस काढावे लागले. हजारावर माणसे असलेल्या त्या स्टुडिओत नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली.

वॉल्टच्या आयुष्यातला खरा पेचप्रसंग येथे आहे. जुन्या, लहान स्टुडिओत सर्वजण एकमेकांना ओळखत. वॉल्ट हा त्यांचा थोरला सवंगडी होता. नव्या इमारतीत दर्जाप्रमाणे दालने विभागली गेली. वरच्या श्रेणीच्या चित्रकारांना भरघोस पगार, तर हजारो पारदर्शक पत्र्यांवर शाई व रंग भरणाऱ्या मुलींना आठवड्याला वीस डॉलरही हाती पडत नसत. बोनस कोणाला, का आणि किती, हे एका माणसाच्या मर्जीवर होते. छोट्या पटांवर नाव झळके ते बहुधा एकाच व्यक्तीचे. मिकीची वृत्तपत्रांतील चित्रमालिका १९३० पासून पंचेचाळीस वर्षे फ्लॉइड गॉटफ्रेडसनने काढली. ती वाचणाऱ्यांना वर्षानुवर्षे सही दिसली ती वॉल्ट डिस्नेची. मालकाला यात काही वावगे वाटत नव्हते. नाव ही कंपनीची निशाणी आहे, ती वाटून दिली तर निशाणी राहणार नाही, हा त्याचा हिशेब होता. व्यापारी दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. परंतु न्यूयॉर्कला जाऊन हात हलवीत परतलेल्या १९२८ च्या तरुणाला तो पटला असता काय?

आर्ट बॅबिट हा स्टुडिओतील नामवंत आणि उत्तम पगाराचा चित्रकार. ‘स्नो व्हाइट’मधील दुष्ट राणी त्याने जिवंत केली होती. आपल्या साहाय्यकाला पगारवाढ मिळावी म्हणून तो भांडला, मग कामगार संघटनेत शिरला. १९४१ च्या मेअखेरीस त्याला बडतर्फ करण्यात आले आणि दुसऱ्या दिवसापासून संप सुरू झाला. ज्या हातांनी बुटके आणि बदके रेखाटली त्याच हातांत फलक आले. सुमारे नऊ आठवडे स्टुडिओच्या फाटकाशी निदर्शने चालली. वॉल्टला हा आर्थिक तंटा वाटलाच नाही. त्याला ती घरच्या माणसांची बेइमानी वाटली, आणि तिच्यामागे कम्युनिस्टांची फूस आहे अशी त्याची खात्री पटली. सरकारी मध्यस्थांनी तडजोडीची सूत्रे ठरविली. त्या ऑगस्टमध्ये सरकारच्याच सद्भावना मोहिमेवर वॉल्ट दक्षिण अमेरिकेला निघून गेला. परत येतो तो संघटनेला मान्यता मिळाली होती, चित्रकारांची नावे पडद्यावर येऊ लागणार होती, आणि समाजवादी इलायस त्याच्या पश्चात निवर्तले होते.

ही जखम भरली नाही. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे साक्ष देताना त्याने संपाच्या पुढाऱ्यांची नावे घेतली आणि त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला. त्या काळात अशा एका आरोपाने माणसाची रोजी जात असे. मिकीच्या निर्मात्याच्या चरित्रातील हे पान वगळून त्याचे कौतुक करण्याची रीत पडली आहे. ती सोयीची असली तरी प्रामाणिक नाही. संपानंतर बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी यूपीए ही संस्था उभारली आणि डिस्नेच्या घोटीव शैलीऐवजी मोजक्या, सपाट, आधुनिक रेषेची वेगळी कला रूढ केली. स्टुडिओत तयार झालेली माणसे इतरत्रही पोचली. क्लेअर वीक्स हा डिस्नेकडे काम केलेला चित्रकार १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला आणि तेथील कार्टून विभागातील तरुणांना त्याने हे तंत्र शिकविले. राम मोहन यांची सुरुवात तेथलीच. विद्या अशी पसरत असते. तिला करारनाम्याचे कुंपण घालता येत नाही.

महायुद्धाच्या काळात स्टुडिओ लष्करासाठी शिक्षणपट काढून कसाबसा जगला. याच तंगीतून आणखी एक युक्ती सापडली. १९४४ मध्ये ‘स्नो व्हाइट’ पुन्हा प्रदर्शित केला आणि तो पुन्हा चालला. लहान मुले दर काही वर्षांनी नवी येतात, चित्रपट तोच पुरतो. मालकी मात्र आपल्याकडे हवी. मग साधारण सात-आठ वर्षांच्या अंतराने जुने चित्रपट पेटीतून बाहेर काढण्याचा प्रघात पडला. १९५३ मध्ये ब्यूना व्हिस्टा ही स्वतःची वितरण संस्था काढून वितरकाचा वाटाही वाचविण्यात आला.

तोवर वॉल्टला कार्टूनपटांचा थोडा कंटाळाच आला होता. त्याच्या डोक्यात एक उद्यान घोळत होते : मार्सलीनसारखा मुख्य रस्ता, भोवती फिरणारी आगगाडी, मधोमध एक किल्ला. रॉयला हा उधळेपणा वाटला. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढले, स्वतःची वेगळी खासगी संस्था स्थापन केली आणि कल्पना पुढे रेटली. शेवटी १९३६ मध्ये न दिलेला हक्क उपयोगी पडला. बड्या दूरचित्रवाणी कंपन्यांना त्याचे कार्यक्रम हवे होते, उद्यान नको होते. एबीसी ही तिघींतली अशक्त कंपनी. तिने पाच लाख डॉलर घातले, ४५ लाखांच्या कर्जाची हमी घेतली, आणि बदल्यात उद्यानात सुमारे एक-तृतीयांश हिस्सा व दर आठवड्याला तासाभराचा कार्यक्रम मिळविला. २७ ऑक्टोबर १९५४ पासून सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे नाव ‘डिस्नेलँड’ असेच होते. म्हणजे न बांधलेल्या उद्यानाची जाहिरात घरोघर दाखविण्याचे पैसे दुसऱ्याकडून घ्यायचे! अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागा तोडून वर्षभरात सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून उद्यान उभे राहिले. १७ जुलै १९५५ च्या उद्घाटनाला खोट्या तिकिटांवर माणसे घुसली, उन्हाने ताजे डांबर पाघळले, पाण्याचे नळ अपुरे पडले. पण सात आठवड्यांत दहा लाख लोक येऊन गेले. १९६० मध्ये एबीसीचा हिस्सा ७५ लाख डॉलर मोजून परत घेण्यात आला.

कंपनीने १९५७ मध्ये एक आराखडा काढला होता. मध्यभागी चित्रपट, आणि त्यातून निघालेल्या रेषा उद्यान, दूरचित्रवाणी, संगीत, पुस्तके, खेळणी यांना जोडलेल्या. प्रत्येक अंग दुसऱ्याला पोसणारे. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी पुढे तो कौतुकाने अभ्यासू लागले. मात्र एक रेषा त्यात ठळक नव्हती. ती वॉल्टच्या खिशाकडे जात होती. १९५३ मध्येच त्याने आपले नाव वापरू देण्याबद्दल स्वतःच्याच कंपनीशी करार केला होता. वॉल्ट डिस्ने हे नाव मालावर छापायचे तर त्याच्या खासगी संस्थेला मोबदला द्यावा लागे. उद्यानातली आगगाडीही त्या संस्थेच्याच मालकीची. एका भागधारकाने त्याविरुद्ध दावा गुदरला, आणि या प्रकरणावरून रॉयशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले. आपले नावसुद्धा फुकट द्यायचे नाही, मग घेणारी आपलीच संस्था का असेना, इथवर सशाचा चटका पोचला होता. त्या नावाचे हक्क कंपनीने १९८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, त्याच्या कुटुंबाकडून विकत घेतले.

डिस्नेलँडच्या कुंपणाबाहेर परक्यांची हॉटेले उभी राहिली आणि उद्यानाच्या गर्दीवर गबर झाली. वॉल्टला ते खुपत होते. पुढच्या वेळी कुंपणाबाहेरची जमीनही आपलीच हवी, असे त्याने ठरविले. १९६४-६५ मध्ये फ्लॉरिडात बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप दलदली आणि रानटी जमीन खरेदी होऊ लागली. बातमी फुटेपर्यंत सुमारे २७ हजार एकर हाती आले होते. एवढ्या जमिनीवर नगरपालिकेसारखे अधिकार चालविण्याची मुभाही राज्याच्या कायद्याने १९६७ मध्ये मिळाली. त्या कारभारी मंडळाचा ताबा फ्लॉरिडा राज्याने २०२३ मध्ये आपल्याकडे घेतला. वॉल्टने यातले काहीच पाहिले नाही. १५ डिसेंबर १९६६ रोजी, स्टुडिओच्या समोरच्याच रुग्णालयात, फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला. निवृत्त होण्याच्या बेतात असलेला त्र्याहत्तर वर्षांचा रॉय पुन्हा कामाला लागला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लॉरिडाचे उद्यान उघडले. ते केवळ डिस्नेचे नव्हे तर वॉल्ट डिस्नेचे म्हणून ओळखले जावे, हा आग्रह त्याचाच. अडीच-तीन महिन्यांत तोही गेला.

मालकीची ही कथा दोघा भावांमागे चालूच राहिली. जुन्या कायद्याप्रमाणे ‘स्टीमबोट विली’वरील स्वामित्वहक्क १९८४ मध्येच संपायचा, १९७६ च्या कायद्याने तो २००३ च्या अखेरपर्यंत लांबला. तीही मुदत जवळ आली, तेव्हा डिस्ने आणि इतर मनोरंजन कंपन्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपले वजन खर्च केले आणि १९९८ च्या कायद्याने आणखी वीस वर्षे मिळाली. जुन्या परीकथा लोकांच्या सामाईक ठेव्यातून उचलून मोठ्या झालेल्या कंपनीने आपला उंदीर मात्र त्या ठेव्यात जमा होऊ नये म्हणून एवढा खटाटोप करावा, यातली विसंगती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही.

ओस्वाल्ड मिंट्झलाही लाभला नव्हता. युनिव्हर्सलने १९२९ मध्ये तो त्याच्याकडूनही काढून दुसऱ्या चित्रकाराला दिला होता. पुढे लोक त्याला विसरून गेले. २००६ मध्ये डिस्ने कंपनीने तो परत मिळविला. तोवर एबीसी दूरचित्रवाणी डिस्नेच्याच मालकीची झाली होती. तिच्याकडे करारबद्ध असलेले क्रीडासमालोचक अल माइकल्स यांना एनबीसीकडे जाऊ देण्यात आले आणि त्या देवघेवीत युनिव्हर्सलकडून ससा घरी आला. वॉल्टची मुलगी डायान ते पाहायला हयात होती. १ जानेवारी २०२३ रोजी ओस्वाल्डचे १९२७ चे पट स्वामित्वहक्कातून मुक्त झाले, आणि बरोबर एक वर्षाने ‘स्टीमबोट विली’तला उंदीरही.